शनिवार तेली: कोकणात ज्यूपण टिकलं कसं?

देव अजिबात न मानणारा माणूस स्वतःला ज्यू म्हणवतो, आणि दिवसातून तीनदा प्रार्थना करणाऱ्याला एखादा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सांगू शकतो की तू ज्यू नाहीस. बाहेरून बघणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. पण ज्यू धर्मशास्त्राचा, म्हणजे हलाखाचा, नियम सरळ आहे: ज्याची आई ज्यू तो ज्यू, किंवा ज्याने रीतसर धर्म स्वीकारला तो ज्यू. श्रद्धा किती, हे तिथे कुणी विचारत नाही. हे समजायला आपल्याला खरं तर जड जाऊ नये. ‘नास्तिक ब्राह्मण’ किंवा ‘देव न मानणारा मराठा’ हे शब्द आपण रोज ऐकतो आणि त्यात काही खटकत नाही.

जगभर पांगलेल्या ज्यूंचं ज्यूपण टिकलं कसं, याचं ठरलेलं उत्तर असं. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनियाच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर पाडलं. पुन्हा बांधलेलं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. मंदिर गेलं, तिथले यज्ञ थांबले, पुरोहितांना काम उरलं नाही. मग धर्माचा संसार बरोबर नेता येईल अशा गोष्टींवर उभा राहिला: शनिवारची विश्रांती म्हणजे शब्बाथ, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम, हिब्रू प्रार्थना आणि ग्रंथ. दहा पुरुष जमले की कुठेही सामूहिक प्रार्थना होऊ शकते, इमारत नसली तरी चालतं. बाकी सगळं जिथे राहिले तिथलं. जर्मनी-पोलंडकडचे ज्यू यिडिश बोलले, स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलले गेलेले लादिनो बोलत राहिले, बगदादचे अरबी. अडलेला प्रश्न पत्राने दूरच्या विद्यापीठाला विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची, अशा पत्रव्यवहाराने हे सगळे एकमेकांना धरून होते.

या उत्तरात ग्रंथाला आणि रब्बीला फार मान आहे. म्हणूनच कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, हे मला या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. त्यांच्याकडे शतकानुशतकं रब्बी नव्हता, तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची, पोथी नव्हती, हिब्रू वाचता येणारा माणूस नव्हता, आणि कुणाशी पत्रव्यवहारही नव्हता. तरी ते ज्यू राहिले.

त्यांची मूळकथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांचे देह लाटांनी किनाऱ्याला आणले, ते तिथेच पुरले. ती जागा आजही दाखवतात, तिथे स्मारक आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला (छापून यायला १९३७ उजाडलं). त्यांच्या मते हे लोक इ.स.पू. दुसऱ्या शतकात आले. इतिहासकार एवढं मागे जायला तयार नाहीत. लिखित पुरावा फार उशिराचा आहे. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात या किनाऱ्यावरच्या अशा ज्यूंचा उल्लेख येतो, ज्यांना ‘शेमा’ ही एकच प्रार्थना ठाऊक आहे. आता सात आणि सात मिळून होतात चौदा, आणि समुद्राने किनाऱ्याला टाकलेल्या चौदा देहांची गोष्ट चित्पावनांचीही आहे. कुणी कुणाची उचलली यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला त्यातून एवढंच दिसतं की कोकणात आपलं मूळ सांगायची एक रीत होती आणि या मंडळींनी आपलं मूळ त्याच रीतीने सांगितलं.

अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यातल्या खेड्यांत ते पसरले. एकेका गावात दोन-चार घरं. धंदा तेलाच्या घाण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, तो शनिवारी रात्रीपर्यंत. गावाने बघितलं आणि नाव ठेवलं: शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली आधीपासून होतेच, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. आडनावं गावावरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर. बायबलमधल्या नावांना मराठी ‘जी’ लागला. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी. जातपंचायत होती, मुकादम होता. बायका नऊवारी नेसत आणि मंगळसूत्र घालत. विधवेचं लग्न होत नसे, गोमांस वर्ज्य होतं. यातलं एकही ज्यू शास्त्रात नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला तर शास्त्राची ना नाहीच.

म्हणजे गावाच्या नजरेत ही एक जात होती, आणि माझ्या मते टिकण्याचं खरं कारण इथेच आहे. जातीच्या समाजात प्रत्येकाचं जेवण वेगळं, दैवत वेगळं, सोयरीक आपसात. शेजारच्या घरात वेगळा देव पुजला जातो किंवा कुठलाच पुजला जात नाही, याची कुणाला पंचाईत नव्हती. युरोपात नेमकं उलट होतं. तिथे सगळ्यांनी एकाच धर्माचं असावं असा आग्रह होता, त्यामुळे ज्यू हा कायमचा काटा. म्हणून १५१६ मध्ये व्हेनिसने त्यांना गेट्टोत कोंडलं, ठिकठिकाणांहून हकालपट्ट्या झाल्या, कत्तली झाल्या. तिथलं ज्यूपण छळाला तोंड देत घडलं. कोकणात त्यांना कुणी छळलं नाही आणि आपल्यात या असा आग्रहही धरला नाही. आपल्याकडे याला सहिष्णुता म्हणायची घाई असते. मला त्यात निम्मी बेफिकिरी दिसते. वेगळं असणं इतकं नेहमीचं होतं की त्याची दखल घ्यायचं कारणच नव्हतं.

या व्यवस्थेची किंमतही त्यांनी मोजली, कारण जात त्यांच्या घरातही शिरली. समाजात गोरे आणि काळे असे दोन गट पडले. नाव रंगाचं, भानगड वंशाची: बाहेरच्या बायकांशी झालेल्या संबंधांतून ज्यांचा वंश चालला असं मानलं जाई ते काळे. दोघांत लग्नं होत नसत, भांड्यांना शिवाशिव पाळली जाई. ज्यू शास्त्रात याला काही आधार नाही, शेजारी मात्र भरपूर होता.

आता स्वयंपाकघरात डोकावू, कारण ग्रंथ नव्हता तेव्हा धर्म तिथेच सांभाळला गेला. दावीद रहाबी नावाचा कुणी ज्यू प्रवासी किंवा व्यापारी कोकणात आला, अशी कथा आहे. कुणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतो, कुणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्यातला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे बघायला त्याने घरच्या बायकांपुढे सगळी मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे केले आणि बाकीचे बाजूला सारले: हे आम्ही खात नाही. रहाबीची खात्री पटली. तोराचा नियम तोच आहे. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, वाम चालत नाहीत. अलिबागच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहायचं आणि कोळंबीला हात लावायचा नाही, यापेक्षा अवघड व्रत मला तरी सुचत नाही. कथा खरी की रचलेली हे बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही, बायकांच्या हातांची झाली. रहाबीने मग तिघांना शिकवून काझी केलं आणि ते काम त्यांच्या घराण्यांत चालत राहिलं.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. मटणाचं जेवण झालं की वर दुधाची खीर चालत नाही. कोकणात यावर उतारा परसातच उभा होता. नारळाचं दूध हे शास्त्राच्या हिशेबाने दूध नव्हेच. त्यामुळे रस्सा त्यात, गोडधोडही त्यात. नव्या वर्षाला होणारा चिकाचा हलवा बघा. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो नारळाच्या दुधात साखर घालून मोठ्या पातेल्यात घोटत बसायचा. हात बदलत, तासन्‌तास. गोळा पातेल्याची कड सोडायला लागला की ताटात थापायचा, वर बदाम-पिस्ते आणि वड्या पाडायच्या. शब्बाथला द्राक्षाचा रस किंवा वाइन लागते, ती खेड्यात कुठून आणणार? काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा.

सण तेच होते, पण त्यांची हिब्रू नावं विसरली गेली आणि मराठी पडली. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. कडक उपासाचा योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण: दिवसभर दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात राहायचं. आदल्या संध्याकाळी पितर घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात असा समज होता. पूरिम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराचा शोक करायचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. गंमत म्हणजे हनुक्का त्यांना ठाऊकच नव्हता. हा सण इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या घटनेवरून सुरू झाला, तेव्हा आपले पूर्वज त्याआधीच निघाले असणार, असा युक्तिवाद समाजातले लोक यावरून करतात.

आणि मलिदा. हा विधी इतर ज्यूंकडे अशा रूपात नाही. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने तो होतो. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा घालायचा. ताटात त्याची रास, भोवती फळं, वर फूल. हिब्रू प्रार्थना होतात, प्रत्येक फळावर त्याचा त्याचा आशीर्वाद म्हटला जातो आणि मग प्रसादासारखं वाटतात. लग्न, बारसं, नवं घर, फेडलेला नवस, काहीही कारण चालतं. अलिबागजवळ खंडाळे गावाकडे एक खडक आहे. एलियाहूंचा रथ इथून आकाशात गेला आणि त्याच्या खुणा दगडावर उमटल्या, असं मानतात. तिथे नवस बोलले जातात. मलिदा हा शब्द दर्ग्यावर ऐकू येतो, नवसाची रीत देवळातली, प्रार्थना हिब्रू. कट्टर रब्बीच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असा हा प्रकार. पण कोकणातल्या ज्यूला विचारलं तर आपली खूण म्हणून तो आधी मलिद्याचंच नाव घेईल.

पुस्तकी ज्यू धर्म आला तो इंग्रजी अमदानीत आणि तीन वाटांनी आला. पहिली वाट मुंबईची. बेने इस्राएल तरुण कंपनीच्या फौजेत शिरले. त्यातले एक सामाजी हसाजी दिवेकर. टिपू सुलतानाच्या कैदेतून ते सुटले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं, शाआर हारहमीम. लोक सिनॅगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव या जुन्या ‘मशिदी’वरून पडलं असं सांगितलं जातं. शेजारच्या सॅम्युएल स्ट्रीटचे सॅम्युएल म्हणजे हेच सामाजी. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे इथे सिनॅगॉग झाले. पोथी ठेवायचं कपाट जेरुसलेमच्या दिशेला लागतं. युरोपात ती दिशा पूर्व, आपल्याकडे पश्चिम. दुसरी वाट कोचीच्या ज्यूंची, ते शिक्षक म्हणून आले. तिसरी वाट सगळ्यात मजेशीर: ख्रिस्ती मिशनरी. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, मिशनच्या शाळांत बायबल मराठीत मिळालं. हेतू अर्थातच धर्मांतराचा. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, बायबल घेतलं, शाळा घेतल्या आणि ख्रिस्ती फारच थोडे झाले. त्या शिक्षणाने ते उलट जास्त ज्यू झाले.

मग हाती आलेला ग्रंथ त्यांनी आपल्या पद्धतीने वापरला. १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायची ही पोथी, हिब्रू आणि मराठी. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका नऊवारीत आहेत. इतर अनेक ज्यू समाजांनी आपली बोली हिब्रू अक्षरांत लिहिली, यांनी मराठी देवनागरीतच लिहिली. १८८० पासून तर कीर्तनं सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, अभंग सगळं आपलं. आख्यान मात्र योसेफाचं किंवा अब्राहमाचं. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफासाठी मुंबईत मराठी श्रोते डोळे पुसत.

‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ हा प्रश्न त्यांना हिंदू-मुसलमानांनी कधी विचारला नाही. विचारला तो ज्यूंनीच. १८३२ मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले, त्यांच्या पाठोपाठ बगदादचे इतर ज्यू व्यापारी. ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, काळा घोड्याची लायब्ररी, ही नावं त्यांच्याच घराण्याची. सुरुवातीला हे लोक बेने इस्राएलांच्याच सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेला जात. पैसा आणि साहेबाची ओळख वाढली तशी अंतरही वाढलं. स्वतंत्र सिनॅगॉग झाले, कबरस्तानात वेगळी जागा मागितली गेली, सोयरीक तर नाहीच. कारण शास्त्राचं सांगितलं जाई: यांचे घटस्फोट रीतसर झालेले नाहीत, वंश शुद्ध नाही. मला त्यात साहेबाच्या लेखी ‘नेटिव’ ठरायची धास्ती जास्त दिसते.

हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला तो इस्राएलमध्ये. १९४८ नंतर वीसेक हजारांच्या या समाजातले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. इथून कुणी हाकललं नव्हतं. श्रद्धा होती, नवा देश होता, इंग्रज गेल्यावर रेल्वे आणि टपालातल्या नोकऱ्यांची चिंताही होती. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. बीरशेबाकडे काम आणि घरांच्या बाबतीत दुजाभाव होतो म्हणून त्यांनी धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये काही जण चक्क भारतात परत आले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने हुकूम काढला की बेने इस्राएल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आई, आजी आणि मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांना गावाने पिढ्यानपिढ्या ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखलं, त्यांनी आता कागद दाखवायचे होते. मोर्चे निघाले, जेरुसलेममध्ये ठिय्या झाला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने, म्हणजे क्नेसेटने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्यानंतर रब्बींनी हुकुमातून त्यांचं नाव काढलं.

डीएनएवाल्यांनीही हात धुऊन घेतले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतला ज्यू वंश आणि स्थानिक भारतीय वंश दोन्ही सापडले. हा मिलाफ साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचा असावा, आणि बहुतांशी पुरुष ज्यू, स्त्रिया इथल्या, असा निष्कर्ष निघाला. ‘आई ज्यू तर मूल ज्यू’ या नियमापुढे हे अडचणीचं वाटेल. पण बहुतेक ज्यू समाजांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे, युरोपातल्यांचीसुद्धा. प्रयोगशाळेला वंश सांगता येतो. शुक्रवारी संध्याकाळी घाणा कुणी बंद केला, हे तिला सांगता येत नाही.

मागे राहिलेला समाज चार-पाच हजारांचा, मुख्यतः मुंबई-ठाण्यात. संख्या नेहमीच मूठभर होती, पण मराठी माणसाला त्यांची नावं ओळखीची निघतील: कवी निस्सीम इझिकेल, कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीकडे जातो, आणि ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कोकणातल्या सिनॅगॉगमध्ये दहा पुरुष जमवणं आता अवघड होतं. सणाला मुंबईहून माणसं येतात तेव्हा जमतं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी सरकारी फॉर्मवर त्यांचा धर्म ‘इतर’ या रकान्यात जायचा.

तिकडे अश्दोद, दिमोना, लोद, रामला या गावांत आजी-आजोबा मराठी बोलतात, नातवंडं हिब्रूत उत्तर देतात. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आणि महाराष्ट्र दिनही साजरा होतो. नातवंडांना त्या भाषणांतलं फारसं कळत नाही. मलिद्याचे पोहे मात्र भारतीय दुकानातून आणले जातात, आणि त्यात खोबरं किती घालायचं यावर तिथेही वाद होतात.